घाटावरचे सरकार
(लेखमाला ‘दगड, चुना आणि दप्तर’ : भाग सातवा)

गेल्या आठवड्यात आपण नागपूरला होतो. हेन्री मेडने आखलेले आणि १९४० साली उघडलेले तिथले उच्च न्यायालय डोळे भरून पाहिले. त्यानंतर बुलढाणा जिल्ह्यातल्या सरकारी इमारतींपाशी आलो की काही वाचक विचारणार, इथे पाहायचे काय? प्रश्न रास्त आहे. नागपूरच्या त्या घुमटाच्या तोडीचे एकही सरकारी बांधकाम या जिल्ह्यात नाही. पण ते का नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

वऱ्हाड हा इंग्रजांच्या मालकीचा मुलूख कधी नव्हताच. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ च्या तहाने निजामाकडून हा प्रांत त्यांच्या ताब्यात आला. महसुलातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च भागवायचा आणि उरेल ते निजामाला द्यायचे, अशी ही व्यवस्था. कारभारावर नको तितका पैसा उधळला जातो आणि आमच्या हाती काही उरत नाही, ही हैदराबाद दरबाराची जुनी तक्रार. शेवटी १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. निजामाचे सार्वभौमत्व कागदावर त्यानंतरही राहिलेच. १९३६ च्या करारात त्याचा ध्वज वऱ्हाडात इंग्रजी ध्वजाबरोबर लावण्याची मुभाही मिळाली.

भाड्याच्या घरावर कोणी माडी चढवत नाही. वऱ्हाडातल्या कचेऱ्या इतक्या बेताच्या आणि कामापुरत्या का, याचे निम्मे उत्तर मला या हिशेबात दिसते. बाकीचे निम्मे बांधकाम खात्यात आहे. डलहौसीच्या काळात उभ्या राहिलेल्या या खात्यात लष्करी इंजिनिअरांचा भरणा होता. वास्तुविशारदाची गरज राजधान्यांना, जिल्ह्याला नमुना नकाशा पुरे, असा त्यांचा खाक्या.

आता जागेचे पाहू. मोगलाईत या भागातली मोठी ठाणी मेहकर आणि मलकापूर. सिंदखेडला लखुजी जाधवांचा वाडा. बुलढाणा त्या मानाने अगदी किरकोळ गाव. तरी १८५३ मध्ये ‘उत्तर वऱ्हाड’चे मुख्यालय म्हणून साहेबाने ते निवडले. १८५७ नंतर तो मान अकोल्याकडे गेला. १८६४ मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्याला आधी ‘नैऋत्य वऱ्हाड’, मग ‘मेहकर’ म्हणत. शेवटी बुलढाणा हेच नाव पक्के झाले. बुलढाण्याची निवड झाली ती हवेमुळे. गाव अजिंठ्याच्या रांगेवर, सुमारे २,२०० फुटांवर. वऱ्हाडातल्या जिल्ह्याच्या ठिकाणांत सर्वांत थंड.

साहेब वर थंडाव्याला बसला आणि पैसा राहिला खाली. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची मुख्य वाट मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी पूर्णेच्या खोऱ्यातून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. कापसाच्या बाजारासाठी जलंब ते खामगाव असा फाटा टाकला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. १९०१ च्या शिरगणतीत खामगावची वस्ती १८ हजारांवर, तर बुलढाण्याची जेमतेम ४ हजार. जिल्ह्याचा कारभार या चार हजारांच्या गावातून चाले, आणि तिथून सर्वांत जवळचे स्टेशन मलकापूर, २८ मैलांवर, घाट उतरून.

‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ ही इथल्या बोलण्यातली वाटणी आजही तितकीच ठसठशीत आहे. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरआखणी झाली, तेव्हा खामगाव आणि जळगाव हे दोन तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडले. कालपर्यंत खामगावचा माणूस रेल्वेने अकोल्याला पेशीला जाऊ शकत होता. आता त्याला बंडी जुंपून घाट चढणे आले. खामगाव जिल्ह्याची मागणी पुन्हा पुन्हा का उठते, याचे मूळ मी तरी या नकाशात शोधीन. बुलढाण्याला रेल्वे अजून नाहीच.

आता कचेरीत शिरू. वऱ्हाडात जिल्ह्याच्या प्रमुखाला कलेक्टर नव्हे, डेप्युटी कमिशनर म्हणत. जुन्या कागदांत ‘डी. सी.’ दिसतो तो हाच. त्याच्या कचेरीचा आणि खालच्या तहसिलीचा साचा बहुतेक ठिकाणी एकच. उंच जोते, काळ्या दगडाच्या किंवा विटांच्या चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, मध्ये उंच दालन, दोन्ही अंगांना खोल्या आणि बाहेरून व्हरांडा. वर सागवानी कैच्या आणि कवेलू. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला. त्यानंतर गावठी नळीच्या कवेलूंना मागे सारून सरकारी छपरांवर मंगलोरी आली. असला जड माल आत मुलखात परवडायचा तो रेल्वेमुळे.

यातली एकही गोष्ट शोभेची नाही. व्हरांडा भिंतीवर ऊन पडू देत नाही. जाड भिंतीत उष्णता इतकी हळू शिरते की ती आत पोचेतो कचेरी सुटलेली असते. तापलेली हवा वर चढते आणि छपराखालच्या झरोक्यांतून निघून जाते. मलकापूर किंवा खामगावच्या मे महिन्यात विजेवाचून बसता येईल अशी ही रचना होती. वर बुलढाण्याला तिची तितकी निकडही नसावी, पण नमुना नकाशा सगळीकडे सारखाच!

सगळ्यात बळकट खोल्या दोन. एक खजिन्याची. तिथे दुहेरी कुलूप, एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दुसरी रेकॉर्डची. वऱ्हाडात जमिनीची मोजणी आणि आकारणी मुंबई इलाख्याच्या रयतवारी धर्तीवर झाली, त्यामुळे शेताशेताचा कागद तयार झाला आणि तो जपण्यासाठी लाकडी मांडण्या आणि गजांच्या खिडक्या आल्या. बस्त्यात बांधलेला तो कागद हीच खरी सत्ता होती.

जुन्या व्हरांड्याविषयी हळवे होणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांच्याइतके हळवे होता येत नाही. व्हरांड्यात सावली होती, खाली झाडाखाली अर्जनवीस होता, स्टँप वेंडर होता, हे खरे. पण रयतेसाठी नकाशात स्वतंत्र जागा नव्हती. चपराशी नाव पुकारीपर्यंत पायरीवर उकिडवे बसायचे आणि मग ते उंच जोते चढून साहेबासमोर उभे राहायचे. जोत्याची उंची पावसाच्या पाण्यासाठी तर होतीच, पण वर बसलेल्याला पायरीवर थांबलेल्या माणसाकडे खाली पाहता यावे, हेही तिने साधले.

स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशात जनपद सभा आल्या, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पाच तालुक्यांचे आता तेरा झाले आहेत. प्रत्येकाला तहसील हवी, पंचायत समिती हवी, शिवाय कृषी, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक आहेतच. इतके सारे एका जोत्यावर मावेना. मग कॉलम-बीम आणि स्लॅबच्या मजली प्रशासकीय इमारती आल्या. त्यांचा साचाही ठरलेला. मध्ये लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. भर दुपारी बोळात ट्यूबलाइट, पातळ भिंती, सरकत्या काचा आणि साहेबाच्या दालनापुरता एसी. नव्या नकाशात रॅम्प आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असते, ही सुधारणा लहान नाही. पण पूर्वी उन्हाचा बंदोबस्त भिंत करत होती, आता तो वीजबिलावर गेला. आणि बसायला बाकडे मिळाले, तरी वारा गेलाच.

सातबारा मोबाइलवर आला, त्यामुळे रेकॉर्ड रूमचा दबदबा ओसरला आहे. वादातल्या फेरफाराच्या सुनावणीला मात्र तहसील गाठावीच लागते.

उरलेल्या जुन्या इमारतींना मोडण्याच्या आधी दुरुस्तीच मारते. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. क्षार वर येतात, भिंतीला लोणा लागतो, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. त्यावर पुन्हा सिमेंट, वर ऑइलपेंट. दहा-पंधरा वर्षांत भिंत खरोखरच कमजोर होते, कागदावर ‘धोकादायक’ असा शेरा पडतो आणि इमारत निर्लेखित होते. चुना मळणारे गवंडी अजून मिळतात. पण अंदाजपत्रकात आधी चुना लिहावा लागतो.

पुढच्या भागात खजिन्याच्या खोलीविषयी : दुहेरी कुलूप, पहारा आणि नाण्यांच्या पेट्या.