गाडींतील साक्षीदार आणि त्याचा वीजपुरवठा

शेतीचा माल स्वतःच्या पिकअपमधून बाजारांत नेणारे बागायतदार पालघर, बोईसर व तारापूर या पट्ट्यांत आतां गांवोगांव आहेत. माल सायंकाळीं भरावयाचा, मनोर अथवा चिल्हार फाट्यावरून राष्ट्रीय महामार्ग ४८ गांठावयाचा व पहांटेपूर्वीं वाशीच्या बाजारांत उतरावयाचा, हा त्यांचा नित्यक्रम आहे. या प्रवासांत पुढील कांचेमागें लावलेला छोटा कॅमेरा, ज्यास डॅशकॅम म्हणतात, तो उपयोगी पडतो हें पुष्कळांस पटलें आहे. परंतु कॅमेरा विकत घेणें निराळें आणि तो ऐन वेळीं चालूं असणें निराळें. या दुसऱ्या गोष्टीविषयीं अनुभवाचे चार शब्द लिहीत आहें.

गेल्या पावसाळ्यांत माझा पुतण्या भेंडीचे क्रेट भरून रात्रीं दोनच्या सुमारास महामार्गानें चालला होता. पुढील मालमोटारीचा फाटा चुकला, म्हणून चालकानें ती तशीच भर रस्त्यांत मागें घेतली आणि ती पिकअपच्या तोंडावर आदळली. आतां मालमोटार मागें येऊन आदळली काय, अथवा पिकअप मागून जाऊन आदळली काय, दोहोंच्या खुणा सारख्याच! चालकानें उलट पुतण्यावरच दोष ठेवला. पुतण्या म्हणाला, “कॅमेरा आहे, पाहून घ्या.” पाहिलें तों शेवटचें चित्रण चाळीस मिनिटें आधींचें. लायटरच्या सॉकेटमधील प्लग खड्ड्यांच्या धक्क्यानें सैल होऊन सुटला होता. भेंडी गेली, दुरुस्तीचा खर्च अंगावर आला आणि रस्त्यावरच तडजोड करून चार पैसे द्यावे लागले ते वेगळेच. घरीं येऊन तो मला म्हणाला, “काका, साक्षीदार होता, पण झोपला होता.”

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत गेली. घटना घडली त्याच वेळीं झालेल्या नोंदीचें मोल मीं पाहिलें आहे. आठ दिवसांनीं केलेल्या पंचनाम्यास तें येत नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अपघातीं अंत झाला, तेव्हां शेवटच्या क्षणींचा वेग व ब्रेक यांची माहिती गाडीच्या यंत्रांतील नोंदींवरून तपास करणारांस मिळाली. आपल्या पिकअपला तसलें साधन कोठचें? आपला आधार हा कॅमेराच.

वीज कोठून घ्यावी

देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं आपल्याच तारापुरास सुरू झालें. कॅमेऱ्यास मात्र अवघे ५ व्होल्ट लागतात आणि विजेचा खप साधारण ५ वॉट असतो. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची व मोठ्या मालमोटारीची २४ व्होल्टची. म्हणून कॅमेऱ्याची वायर बॅटरीस थेट कधींही जोडूं नये. मध्यें व्होल्ट उतरविणारी पेटी लागते. ती ‘हार्डवायर किट’ या नांवानें मिळते. आपल्या गाडीचे व्होल्ट तिच्यावर लिहिलेले आहेत कीं नाहींत, हें घेतांनाच पाहावें.

या पेटीस बहुधा तीन वायरी असतात. एक कायम वीज घेणारी, दुसरी किल्ली फिरविल्यावर वीज घेणारी व तिसरी गाडीच्या सांगाड्यास जोडावयाची अर्थची. रंगांवर विसंबूं नये. प्रत्येक कारखान्याचे रंग निराळे असूं शकतात. वायरीवरील चिठ्ठी वाचावी.

काम आरंभण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी व जोडतांना ती सर्वांत शेवटीं जोडावी. ती जागेवर असतां धन बाजूचा पाना सांगाड्यास लागला तर मोठी ठिणगी उडते. तपासणीपुरती मात्र तार पुन्हां जोडून टेस्ट लॅम्पनें फ्यूजपेटी पाहावी. कोणत्या फ्यूजवर कायम वीज आहे व कोणत्यावर किल्लीनंतर येते, तें टिपून ठेवावें. एअरबॅग, ब्रेक व इंजिन यांच्या फ्यूजांस मुळींच हात लावूं नये. रेडिओ अथवा लायटर यांच्या फ्यूजवरून वीज घेणें बरें.

जोडणी फ्यूज टॅपनें करावी. त्यांत दोन घरें असतात. एकांत जुना फ्यूज तसाच बसतो व दुसऱ्यांत कॅमेऱ्यासाठीं २ किंवा ३ अँपियरचा नवा फ्यूज घालावा. टॅप उलटा बसला नाहीं ना, याची परीक्षा सोपी आहे. टॅपमधील जुना फ्यूज क्षणभर काढावा. तरीही कॅमेऱ्याच्या वायरीस वीज मिळाली तर टॅप बरोबर, न मिळाल्यास तो फिरवून बसवावा. अर्थची वायर रंग खरवडलेल्या स्वच्छ लोखंडावर बोल्टखालीं घट्ट आवळावी. वायर कांचेच्या कडेनें नेतांना खांबांत एअरबॅग असेल तर ती त्याच्या मागून न्यावी, समोरून नव्हे.

बॅटरी उतरण्याचा हिशेब

गाडी उभी असतांही कॅमेरा चालूं राहावा, म्हणजे डिझेलचोरीवर नजर राहील, असें पुष्कळांस वाटतें. पुतण्यानेंही अपघातानंतर तशीच जोडणी करून घेतली. पण स्वस्तांत मिळालेल्या पेटीस वीज तोडण्याची सोय नव्हती. पावसानें तीन दिवस गाडी उभी राहिली आणि चवथ्या दिवशीं ती सुरूच होईना. त्या दिवसाचा बाजार हुकला.

हिशेब असा. ५ वॉटच्या कॅमेऱ्यास व्होल्ट उतरवितांना होणारी घट धरून १२ व्होल्टच्या बॅटरींतून सुमारें अर्धा अँपियर जातो, म्हणजे चोवीस तासांत १२ अँपियर-तास. बॅटरी ६० अँपियर-तासांची असेल तर निम्मी, म्हणजे ३० अँपियर-तास संपण्यास अडीच दिवस पुरतात. त्यापुढें जुनी बॅटरी इंजिन फिरवील याचा भरंवसा नाहीं.

म्हणून व्होल्ट ठराविक मर्यादेखालीं जातांच आपोआप वीज तोडणारी पेटीच घ्यावी. उभ्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ वर ती निम्म्याच्या आसपास येते. तोडण्याची मर्यादा १२.२ ठेवावी, ११.८ चा मोह धरूं नये. ज्यास रात्रीच्या पहाऱ्याची गरज नाहीं त्यानें कायम विजेची वायर न जोडतां केवळ किल्लीवर चालणारा कॅमेरा ठेवावा.

नोंद जपण्याविषयीं

कॅमेऱ्याचें कार्ड भरलें कीं जुन्या चित्रणावर नवें चढतें. अपघात होतांच चालकानें माणसांची विचारपूस करावी आणि मग कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवावें. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अंमलांत आला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणें अशी इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयांत दाखल करतांना विहित नमुन्यांतील प्रमाणपत्र जोडावें लागतें. याकरितां मूळ कार्ड न पुसतां पाकिटांत घालून, वर तारीख व वेळ लिहून वकिलाच्या स्वाधीन करावें. तसेंच, जेथें चित्रणास मनाईची पाटी असेल तेथें कॅमेरा बंद करावा.

पुतण्याची पेटी आतां बदलली आहे. तोडण्याची मर्यादा १२.२ वर असून वायरी फ्यूजपेटींत पक्क्या आहेत. माल भरून निघण्यापूर्वीं कॅमेऱ्याचा दिवा लागला आहे व चित्रण चालूं आहे, हें तो टायरांच्या हवेबरोबरच पाहतो. या पाहण्यास अर्धें मिनिट लागतें. माझी वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, आज रात्रीं गाडी निघण्यापूर्वीं तें अर्धें मिनिट द्यावें.