छेद शून्य झाला की
आलेखांची ओळख : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण बहुपदींचे आलेख काढले. ते काढताना पेन्सिल कागदावरून एकदाही उचलावी लागली नव्हती. आज ती उचलावी लागणार आहे, आणि नेमकी कुठे उचलायची हे कळलं की निम्मं काम झालंच म्हणून समजा. एका बहुपदीला दुसरीने भागलं की परिमेय फल मिळतं. त्यातली सगळी गोम छेदात असते.

आलेख कागद घेऊनच बसा. हे नुसतं वाचून अंगी लागत नाही. आपलं आजचं फल असं :

य = (क्ष² − क्ष − २) / (क्ष² − ४)

मुलं सवयीने आधी कोष्टक करतात. क्ष −३ असताना य २ येतो, क्ष −१ असताना ०. मधे −२ ला छेद शून्य होतो, म्हणून त्या रकान्यात फुली मारायची आणि पुढे जायचं. मग पट्टी लावून (−३, २) आणि (−१, ०) हे दोन बिंदू सरळ जोडून टाकायचे. शिकवताना ही रेघ मी कितीतरी वह्यांत पाहिली आहे. ती (−२, १) मधून जाते, आणि खरा आलेख त्या बिंदूला कधीच जात नाही. फुली मारून सोडलेला तो रकानाच सगळ्यात महत्त्वाचा असतो. तिथे थांबायला हवं.

म्हणून कोष्टकाआधी अवयव पाडा. अंश (क्ष − २)(क्ष + १), छेद (क्ष − २)(क्ष + २). छेद −२ ला शून्य होतो आणि २ लाही. पण दोन्ही ठिकाणी घडतं ते अगदी वेगळं.

आधी −२ कडे जाऊ. तिथे अंश ४ आहे आणि छेद शून्य. डावीकडून जवळ सरका : क्ष −२.१ असताना य ११ येतो, −२.०१ ला १०१, −२.००१ ला १००१. आता उजवीकडून : −१.९ ला −९, −१.९९ ला −९९. हे आकडे स्वतः काढून पाहा, कारण छेद लहान होत जातो तसा भागाकार कसा फुगतो ते हाताला कळायला हवं. क्ष = −२ वर एक उभी तुटक रेघ मारा. ही अनंतस्पर्शी रेषा. तिच्या डावीकडची शाखा वर निघून जाते, उजवीकडची खालून येते.

शून्य छेद असलेल्या राशीला आपल्याकडे जुनं नाव आहे : खहर. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. भास्कराचार्यांनी बीजगणितात या राशीला अनंत म्हटलं आणि तीत काही मिळवलं किंवा वजा केलं तरी ती बदलत नाही असं सांगितलं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. हे सगळं आलेखाच्या कितीतरी शतकं आधीचं. आलेख त्यात एक गोष्ट दाखवून देतो : एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली जायचं असेल, तर −२ या जागी एकच एक किंमत नेमता येत नाही.

आता २ पाहू. इथे अंशही शून्य आणि छेदही शून्य. (क्ष − २) हा अवयव वरखाली दोन्हीकडे असल्यामुळे तो काटला की (क्ष + १)/(क्ष + २) उरतं. १.९९ ला किंमत सुमारे ०.७४९ येते, २.०१ ला सुमारे ०.७५१. कुठेही उसळी नाही, वक्र शांतपणे पाऊण या उंचीकडे येतो. पण मूळ फलाला २ या ठिकाणी किंमतच नाही, म्हणून (२, ३/४) इथे पोकळ टिंब काढायचं. अवयव काटला म्हणून ही अट काटली जात नाही. एकाच बिंदूचं हे भोक, त्याला रुंदी नाही. मोबाइलवर आलेख काढलात तर ते बहुधा दिसणारही नाही. अवयव पाडणाऱ्यालाच ते सापडतं.

दूरचं चित्र सोपं आहे. क्ष ९८ असेल तर य ०.९९, क्ष −१०२ असेल तर १.०१. अंश आणि छेद यांची कोटी सारखी असली की सर्वांत मोठ्या घातांच्या सहगुणकांचं गुणोत्तर पाहायचं. इथे ते १ आहे, म्हणून य = १ ही आडवी तुटक रेघ. छेदाची कोटी मोठी असेल तर क्ष-अक्षच अनंतस्पर्शी होतो. अंशाची कोटी एकने मोठी असेल तर तिरकी रेघ मिळते, ती पुढच्या आठवड्यात भागाकार करून काढू.

अनंतस्पर्शी रेषेला वक्र कधीच शिवत नाही, असं पाठ केलेलं असतं. उभ्या रेषेबाबत ते खरं आहे, कारण तिथे फलाला किंमतच नसते. आडवीबाबत नाही. य = क्ष/(क्ष² + १) या फलाची आडवी अनंतस्पर्शी रेषा क्ष-अक्ष आहे, आणि वक्र तो आरंभबिंदूपाशी सरळ ओलांडतो. आडवी रेषा फक्त दूरचं सांगते, मधल्या भागाबद्दल तिचं काही म्हणणं नसतं.

पुन्हा त्या भोकाकडे येतो, कारण ११५० सालच्या लीलावतीत त्याच्याशी जुळणारं एक उदाहरण आहे. एक संख्या शून्याने गुणली, आलेल्यात त्याचंच अर्ध मिळवलं, तिप्पट केली, शून्याने भागली आणि ६३ आले, तर ती संख्या कोणती? भास्कराचार्यांचा नियम असा, की पुढे शून्याने भागायचं असेल तर शून्याने गुणलेली राशी लगेच शून्य करून टाकू नये. त्यांचं उत्तर १४. शून्याच्या जागी क्ष लिहून पाहा : १४क्ष, मग २१क्ष, मग ६३क्ष, आणि शेवटी ६३क्ष/क्ष. याचा आलेख म्हणजे ६३ उंचीवरची आडवी रेषा. क्ष = ० ला तिच्यात एक पोकळ टिंब आहे, आणि भास्कराचार्यांनी दिलेले ६३ म्हणजे त्या टिंबाची उंची.