विमानमार्गाचे अंतर आणि प्रवासाचा काळ : मुंबई–न्यूयॉर्क मार्गाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना : उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघालेला विद्यार्थी आणि त्याचे पालक यांचा पहिला प्रश्न ‘किती तास लागतात?’ हा असतो. ‘अंतर भागिले वेग’ हे शालेय सूत्र येथे अपुरे पडते. त्याची कारणे प्रस्तुत लेखात मुंबई–न्यूयॉर्क मार्गाच्या आधारे स्पष्ट केली आहेत. या मार्गावर एअर इंडियाने १ ऑगस्ट २००७ रोजी विनाथांबा सेवा सुरू केली होती.

अंतर : मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर ही दोन शहरे सरळ रेषेने जोडल्यास ती रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागरावरून जाते. तिची प्रत्यक्ष लांबी सुमारे १४,२०० कि.मी. भरते. परंतु गोलपृष्ठावरील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस होय; या वृत्ताचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते. हा कंस पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया व स्कँडिनेव्हियावरून जात सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. त्याची लांबी सुमारे १२,५०० कि.मी. म्हणजे १,७०० कि.मी. कमी आहे.

काळ : ताशी ९०० कि.मी. वेगाने हे अंतर १४ तासांत संपावयास हवे. प्रत्यक्षात जाताना साधारण १६ तास लागतात. याची प्रमुख कारणे दोन. पहिले, मध्य अक्षांशांत ९ ते १२ कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह जाताना विरोध करतात व परतताना साहाय्य करतात. म्हणून परतीस सामान्यतः तास-दीड तास कमी लागतो. दुसरे, हवाई हद्दींवरील निर्बंध. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा अनेक पश्चिमगामी विमानांना वळसा घ्यावा लागला.

घड्याळाचा फरक याहून निराळा. हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असते. मध्यरात्रीनंतर १ वाजता निघून १६ तास उडालेले विमान तेथे त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरते. तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी साडेपाच तास दाखविते. शरीराने मात्र १६ तास सोसलेले असतात.

सोलापूरचा संदर्भ : सोलापूर–मुंबई हवाई अंतर सुमारे ३६० कि.मी., म्हणजे एकूण अंतराच्या ३ टक्क्यांहूनही कमी. परंतु लोहमार्गाने ते ४५५ कि.मी. होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारत गाडीसही सुमारे साडेसहा तास लागतात. त्यात विमानतळावरील तीन तास मिळविल्यास एकूण काळाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग विमानात बसण्यापूर्वीच खर्च होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर–मुंबई विमानसेवेचे महत्त्व यात आहे. मात्र तिची वेळ पुढील विमानाशी जुळली तरच हा लाभ पदरात पडतो.

समारोप : अंतर भूमिती ठरविते, काळ मात्र वारा, राजकारण आणि जोडसेवा ठरवितात. वर्गात पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखविल्यास पहिला मुद्दा क्षणात उमगतो. दुसऱ्यासाठी भूगोलाच्या अध्यापकाने राज्यशास्त्राच्या सहकाऱ्यास सोबत घेणे इष्ट ठरेल.