वर्षातून एकदा पुरे?

इंग्लंडमधल्या आमच्या सरकारी शाळेत शिक्षकांचं रीतसर मूल्यमापन दरवर्षी होतं. मुख्याध्यापकांचंही, ते नियामक मंडळ करतं. शिवाय काही वर्षांनी 'ऑफस्टेड'ची तपासणी. आदल्या दिवशी फोन येतो, अन् अख्ख्या शाळेची झोप उडते! 2023 मध्ये रीडिंगच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी आत्महत्या केली. तपासणीचा त्यात वाटा होता, असं चौकशीत ठरलं. 2024 पासून शाळेला एका शब्दाचा शेरा देणं थांबलं. बरंच झालं.

मुख्याध्यापकांना वर्षभराची मुदत हवीच. शिक्षकाला मात्र ती फार लांबची. आमच्या विभागप्रमुख अधूनमधून दहा मिनिटं मागे येऊन बसतात. परवा चहा घेताना म्हणाल्या, "खिडकीकडची मुलं बोललीच नाहीत गं." दुसऱ्या दिवशी मी तिथूनच सुरुवात केली. हेच वर्षअखेरीच्या कागदावर कळलं असतं, तर ती मुलं तोवर पुढच्या वर्गात!