उमरखेडला जाताय? आधी पैनगंगेचा हंगाम पाहा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला उमरखेड तालुका आहे. पलीकडे नांदेड आणि हिंगोली. मधून पैनगंगा वाहते. अलीकडचा काठ विदर्भाचा, पलीकडचा मराठवाड्याचा. धबधबा असो वा जंगल, इथे काय बघायला मिळेल हे नदीला पाणी किती यावर ठरते. म्हणून सहलीची तारीख आधी पक्की करू नका, आधी हंगाम निवडा.

पावसाळा : सहस्रकुंड

मुरली गावाजवळ पैनगंगा काळ्या खडकावर येऊन फुटते आणि अनेक धारांनी खाली कोसळते. समोरचा काठ नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरकडचा. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी गढूळ, तांबूस असते आणि तुषार अंगावर येतात. उन्हाळ्यात याच जागी कोरडा खडक आणि पाण्याने कोरलेले खड्डे तेवढे उरतात.

वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. ते भरले की दरवाजे उघडतात आणि इकडे पाऊस नसतानाही पाणी झपाट्याने चढते. त्यामुळे शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी उतरू नये. विसर्गाची सूचना असेल त्या दिवशी काठापासून दूरच थांबावे.

हिवाळा : अभयारण्य आणि जलाशय

सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचे पैनगंगा अभयारण्य उमरखेड तालुक्यात आणि नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यात पसरले आहे. ढाणकी-बिटरगावकडून जंगल सुरू होते. या पट्ट्यातल्या गावांना लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. साग, तेंदू, मोह आणि पळस ही इथली मुख्य झाडे. बिबट, अस्वल, चितळ, नीलगाय यांचा वावर आहे.

वाघासाठी हे जंगल वाटेवरचा मुक्काम ठरले आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ पैनगंगेच्या जंगलातून पुढे गेला आणि पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पण म्हणून वाघ दिसेलच या आशेने येऊ नका. सकाळच्या थंडीत पक्षी, पाऊलखुणा आणि झाडे बघायची तयारी ठेवा. पाणपक्षी बघायचे तर इसापूरच्या जलाशयाकडे वळा.

उन्हाळा : मोह आणि पाणवठे

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे झाडाखाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडतो आणि टोपल्या घेऊन आंध, गोंड, बंजारा कुटुंबे वेचायला निघतात. त्यामागून तेंदूपानांचा हंगाम येतो. अस्वलालाही मोह प्रिय, म्हणून भल्या पहाटे एकट्याने रानात शिरू नये. पानगळीने जंगल विरळ झालेले असते आणि जनावरे उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. त्यामुळे प्राणी दिसण्याची शक्यता याच दिवसांत जास्त. ऊन मात्र सोसावे लागते.

जोडून काय पाहाल

माहूरला रेणुकामाता, दत्तशिखर आणि किल्ला आहे. किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. ही दोन्ही ठिकाणे नांदेड जिल्ह्यात येतात.

जाण्याआधी

उमरखेडला यवतमाळ, पुसद आणि नांदेडहून एसटी मिळते. मोठे रेल्वे स्थानक नांदेडचे. सहस्रकुंडला मुदखेड-आदिलाबाद मार्गावर छोटे स्थानक आहे. अभयारण्यात जाण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्या. कोणते रस्ते खुले आहेत तेही तिथेच कळेल. बंदी भागात पेट्रोल, जेवण आणि मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. पाणी, डबा आणि इंधनाची सोय उमरखेड किंवा ढाणकीतच करा, आणि दिवस मावळायच्या आत जंगलाबाहेर पडा.