अडीच मिलिमीटर पाऊस

अहिल्यानगर जिल्ह्यात पाऊस अकोले तालुक्याच्या कोपऱ्यात कोसळतो आणि बाकीचे तालुके आभाळाकडे बघत राहतात. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या घाटघरला नगरकर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. तिथेच रतनगडावर प्रवरा उगम पावते आणि हरिश्चंद्रगडाच्या डोंगरातून मुळा. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ सालचे. मुळेवर राहुरीजवळ बारागाव नांदूरला २६ टीएमसीचे मुळा धरण आहे आणि नगर शहरातल्या घराघरातला हंडा त्याच धरणाच्या पाण्याने भरतो. म्हणजे शहराची तहान भागवणारा पाऊस जवळपास शंभर किलोमीटर लांब पडलेला असतो.

ज्या गावाच्या वाट्याला असे धरण नाही, त्याला मात्र आपल्याच शिवारात पडलेल्या पावसावर वर्ष काढावे लागते. नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे असेच पर्जन्यछायेतले गाव. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस. १९७२ च्या दुष्काळाने गाव पार मोडले होते. डोंगर बोडके झाले, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवू लागल्या, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली. १९८९-९० मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेत गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम काढले. डोंगरउतारावर सलग समतल चर, घळीत अनगड दगडी बांध, खाली माती नालाबांध आणि पाझर तलाव. जोडीला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. पुढे २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

हे काम का लागू पडते, ते एखाद्या विहिरीत वाकून पाहिले की कळते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मग काळा पाषाण. आपल्याकडचे भूजल बहुतेक त्या मुरमात आणि खडकाच्या भेगांतच साठते, म्हणजे साठवणीची जागा मुळातच उथळ. धावणारे पाणी चरात थांबले तरच त्याला मुरायला सवड मिळते. खोल बोअर त्याच्या खालचा, वर्षानुवर्षे झिरपून जमलेला साठा उपसते आणि एका हंगामात गेलेला हा साठा भरून यायला कित्येक पावसाळे लागतात. म्हणून हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावरच बंदी घातली.

पण मला या गावाचे खरे नवल वाटते ते त्याच्या पाण्याच्या ताळेबंदाचे. गाव आपला पाऊस स्वतः मोजते. पर्जन्यमापकातले पाणी मोजपात्रात ओतायचे, काचेवरची रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायची, आकडा वहीत उतरवायचा. इवलीशी कृती आहे, पण तिचा गुणाकार थक्क करतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, तेव्हा शिवारभर पडलेला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ९८ लाख लिटर!

आता घरचा खर्च बघू. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे चार हंड्यांपेक्षा थोडे कमी. वस्ती १,२५० माणसांची धरली तर वर्षाला अडीच कोटी लिटर लागतात. भागाकार केला की उत्तर येते अडीच मिलिमीटर. चारशेतले अडीच! पिणे, स्वयंपाक, धुणीभांडी, आंघोळी, सगळे त्यात आले. अर्थात पडलेला प्रत्येक थेंब हाती लागत नाही. बराचसा वाफ होऊन जातो, काही वाहून जातो. तरीही ज्या गावांना फेब्रुवारीतच टँकरची वाट बघावी लागते, तिथे पिण्यापुरता पाऊसच पडला नव्हता, हे म्हणणे या आकड्यापुढे टिकत नाही. पाटाने भिजवलेला एक हेक्टर ऊस वर्षाला दोन-अडीच कोटी लिटर पाणी सहज पितो. म्हणजे अडीच एकर उसाला लागते तेवढ्यात अख्ख्या गावाचे वर्षाचे घरगुती पाणी भागते.

म्हणून हिवरे बाजारला ऊस आणि केळी नाहीत. पावसाळा सरला की पडलेल्या पावसाचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, मग उरलेल्यावर रब्बी ठरवायची. पाऊस बरा झाला असेल तर गहू, कांदा. कमी झाला असेल तर ज्वारी, हरभरा, आणि उन्हाळी पिकाचे नावसुद्धा निघत नाही.