बोअर-पिस्टनच्या आधी

यामाहा आरएक्स १०० चं इंजिन कागदावर मांडायला बसलं तर अर्धं पानही लागत नाही. ५० मिलिमीटर व्यासाचा सिलेंडर, त्यात ५० मिलिमीटर वर-खाली होणारा एक पिस्टन. गुणाकार केला की ९८ सीसी. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेनही नाही. पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण वर घेणं आणि जळलेला वायू बाहेर सोडणं ही कामं सिलेंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टन झाकतो-उघडतो त्यातच उरकतात. एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये ही गाडी भारतात आणली, १९९६ मध्ये प्रदूषणाच्या कडक नियमांपुढे ती थांबली. म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीही आता तिशीच्या घरात आहे. तरी पुण्या-कोल्हापुरात ती रोजच्या रस्त्यावर दिसते, आणि घराच्या पडवीत इंजिन खोलून बसणाऱ्या हौशी माणसासमोर बहुतेक वेळा हीच गाडी उभी असते.

साधेपणाने फसायला मात्र होतं. हे इंजिन ११ अश्वशक्ती देतं ते मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर. म्हणजे सेकंदाला १२५ फेऱ्या, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेरीला एक स्फोट. त्या वेगात पिस्टनची सरासरी धाव तासाला ४५ किलोमीटर भरते, तीही प्रत्येक ५० मिलिमीटरवर थांबून, उलट फिरून. इतक्या धावपळीत पिस्टन आणि भिंत यांच्यात राहणारी फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते.

गाडी ओढत नाही, अशी तक्रार घेऊन गॅरेजात गेलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘बोअर-पिस्टनचं काम निघालंय.’ म्हणजे सिलेंडर घासून मोठा करायचा आणि नवा पिस्टन टाकायचा. बऱ्याचदा ते काम निघालेलं नसतं. जुन्या टू-स्ट्रोकचा दम सगळ्यात आधी कोंडतो तो सायलेन्सरमध्ये. जळलेल्या ऑइलची काजळी बॅफल पाइपच्या भोकांत आणि सिलेंडरच्या एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला थरावर थर बसते. धूर बाहेर पडायला जागा उरत नाही आणि ताजं मिश्रण आत शिरत नाही. बॅफल पाइप एका स्क्रूवर बाहेर येतो. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला की काजळी सुटते. पाइप पोलादी असतो म्हणून हे चालतं. तेच पाणी ॲल्युमिनियमच्या हेडला किंवा पिस्टनला लागलं तर धातूच खाऊन टाकतं. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

हेडला हात लावण्याआधी आणखी तीन गोष्टी बघाव्यात: कार्बोरेटरचे जेट, एअर फिल्टर आणि प्लग. मग कॉम्प्रेशन. गेज असेल तर उत्तम, नसेल तर पायाला कळतं. थंड इंजिनाला किक पोकळ लागली, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकल्यावर तीच किक एकदम जड झाली, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय धरायला हरकत नाही. धुरावर फार विसंबू नये, टू-स्ट्रोक धूर सोडणारच. एक धूर मात्र वेगळा ओळखू येतो. गाडी तापल्यावरही दाट पांढरा ढग सुटत असेल आणि गिअर ऑइल दर महिन्याला कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं आहे आणि इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं आहे. तिथे नवा पिस्टन टाकून काहीही साधत नाही.

आता हत्यारं. जपानी गाड्यांच्या कव्हरवरचे चौफुली स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखे असले तरी त्यांची खाच जपानी मापाची असते. फिलिप्सचा स्क्रू-ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं गोल करून ठेवतो. घरच्या दुरुस्तीतले निम्मे शिव्याशाप इथेच खर्च होतात. जपानी मापाचं टोक आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर या दोन वस्तू आधी घ्याव्यात. सोबत फीलर गेज आणि टॉर्क पाना.

हेडचे चार नट तिरपे-समोरासमोर, थोडे थोडे सैल करायचे. ब्लॉक, म्हणजे सिलेंडर, वर उचलताना, पिस्टन बाहेर येण्याच्या बेतात असतानाच, खाली क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. फडकं नसलं की तुटलेला रिंगेचा तुकडा नाहीतर गजनपिनचं लॉक आत पडतं, आणि तासाभराच्या कामाचं अख्खं इंजिन फोडण्याचं काम होऊन बसतं. जुनं लॉक परत वापरू नये. ते सुटून एकदा भिंतीला घासलं की ब्लॉक गेलाच.

बाहेर आलेला पिस्टन लगेच पुसून टाकायची घाई नको. त्यावरच्या खुणा वाचता येतात. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर उष्णतेचा किंवा ऑइलच्या कमतरतेचा प्रश्न. चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर पिस्टन भिंतीपेक्षा लवकर फुगला. कास्ट आयर्नच्या तुलनेत ॲल्युमिनियम तापल्यावर जवळजवळ दुप्पट पसरतं, आणि थंड इंजिन सुरू करून लगेच पिळणाऱ्याला हे पिस्टन दाखवून देतो. रिंगांच्या खाली तपकिरी डाग उतरले असतील तर गॅस खाली गळतो आहे. रिंग सुटी काढून ब्लॉकमध्ये सरळ बसवायची आणि तिच्या टोकांतली फट फीलर गेजने मोजायची. ती साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. कंपनीच्या मॅन्युअलमधली मर्यादा ओलांडली असेल तर रिंगा बदलायच्या, आणि भिंतच झिजली असेल तर लेथ गाठायचा.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असे लेथ रांगेने आहेत, पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे. क्रम महत्त्वाचा: आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्यायचा आणि मग तो मोजून त्याच्या मापाने बोअर करून घ्यायचा. लेथवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते, कारण त्याच्याकडे फोर-स्ट्रोकचे ब्लॉक जास्त येतात. बोअर केल्यावर पोर्टच्या कडा धारदार होतात. त्या घासून गोलसर केल्या नाहीत तर रिंग अडकते आणि तुटते. ब्लॉक घरी आला की गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवायचा. होनिंगची बारीक कणी रॉकेलने निघत नाही. कोरडा होताच ऑइलचा हात, नाहीतर बघता बघता गंज चढतो.

बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे हवा आणि रिंगेची दोन्ही टोकं खाचेतल्या बारीक पिनच्या दोन बाजूंना हवीत. ती पिन असते कशाला? रिंग गोल फिरून तिची टोकं पोर्टमध्ये शिरू नयेत म्हणून. ब्लॉक हाताने उतरला पाहिजे. जोर लागतोय म्हणजे काहीतरी अडलंय.

घरचं काम इथपर्यंतच असावं. ब्लॉक चढवण्याआधी, पिस्टन वरच्या टोकाला असताना कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढून बघायचा. तिथे खेळ लागला तर बिग-एंड, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग, गेलं. या इंजिनाचा क्रँक दाबून जोडलेला असतो, तो सुटा करायला प्रेस आणि पुन्हा सरळ करायला डायल गेज लागतो. पडवीत ते होत नाही. कागदपत्रांची बाजूही आहे. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. ब्लॉक, हेड, पिस्टन कितीही वेळा बदला, नोंदणीला धक्का लागत नाही. क्रँककेस बदलली तर आरटीओकडे जावं लागतं, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाच्या तपासणीत तो नंबर बघितला जातोच.

इंजिनाला ऑइल पुरवणारा पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची फॅशन आरएक्सवाल्यांत जुनी आहे. खंबाटकी घाटाचा उतार ॲक्सिलरेटर बंद ठेवून, इंजिनाच्या ब्रेकवर उतरताना ती महाग पडू शकते; पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं, इंजिन मात्र फिरत राहतं. पंप शाबूत असेल तर त्याच्या नळीतली हवा काढून तो पुन्हा जोडणं हेच बरं.

नव्या बोअरचे पहिले काही शे किलोमीटर फार न पिळता चालवायचे, आणि पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासायचे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंगं फुगतात, आणि इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण हलकं पडतं. टू-स्ट्रोकमध्ये हलकं मिश्रण म्हणजे जास्त ताप. म्हणून रनिंग-इन संपल्यावर एक सलग चढ ओढून इंजिन तिथेच बंद करायचं, प्लग काढून बघायचा आणि तो खडूसारखा पांढरा निघाला तर मेन जेट एक नंबरने वाढवायचा.